मागचं डावं चाक

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी
टेंपोवरची ताडपत्री काढली.
दोन महिने उभा होता फणसाखाली,
बोनेटवर मांजरीच्या पिल्लांचे पाय.
चावी फिरवली, पहिल्या झटक्यात घेतला.
हँडब्रेक खाली केला, गियर टाकला, क्लच सोडला,
तर पुढे जायचं सोडून
मागच्या मागे बसला.
मग खालून कुठूनतरी ‘कट्’ झालं
आणि निघाला.
मला वाटलं, सुटला.

हर्णैला लिलाव उरकला.
बांगड्याच्या अकरा पाट्या, थोडी कोळंबी,
वर बर्फ, बर्फावर मीठ,
आणि ते पाणी नेहमीसारखं
फळ्यांच्या फटीतून खाली,
जिथे कोणी वाकून बघत नाही.

सालदुरं सोडेपर्यंत काही नाही.
आसूदचा पूल ओलांडला, चढ लागला,
आणि तिसऱ्यावर चढणारी गाडी
दुसऱ्यावरही कण्हायला लागली.
स्टिअरिंग डावीकडे,
दाव्याच्या टोकाला आलेली म्हैस ओढते तसं.
मग वास.
दोन्ही बाजूंना सुपारीच्या वाड्या,
मी म्हटलं, कोणीतरी पातेरा जाळतंय.
श्रावणात पातेरा कोण जाळतो?

उतरले. बाटलीतलं पाणी मागच्या डाव्या चाकावर ओतलं.
चर्र.
वाफ माझ्या चष्म्यावर.

ब्रेक लागणार नाही, ही भीती सगळ्यांना असते.
त्या भीतीची लिंबू-मिरची मिळते दर शनिवारी, दहा रुपयांत.
ब्रेक सुटणार नाही, याची लिंबू-मिरची
मी कुठल्याच गाडीला बघितली नाही.

कासम बुरोंडकर स्कूटरवरून आला,
पोतं अंथरून गाडीखाली आडवा झाला.
त्याचे फक्त पाय बोलत होते माझ्याशी.
“वैनी, लिव्हर खाली केलात ना?”
केला.
“तुमच्या हातात आला खाली. वायर आली नाय.
नळीत गंजलीय. मिठाचं पाणी.
वर सोडलंत, ते खाली कळलंच नाय.”

हातोडीने ड्रमभोवती टकटक केली त्याने,
मध्ये थांबून कान लावत,
नारळ घेताना बायका कानाशी हलवतात तसा.
ड्रम निघाला. आत काळी भुकटी,
लायनर एका बाजूने जळून काचेसारखा.
“एवढा ओढलान कोणी हा?”

अंकुशने.
दोहाला जायच्या आदल्या रात्री,
मे महिना संपत आलेला,
दोन्ही हातांनी.
पडवीतून मी मोजत होते दातऱ्यांचे आवाज,
सात, आठ,
नवव्याला तो सीटवरून अर्धा उठला.
गाडी कुठे जाऊ नये म्हणून.
अंगण सपाट आहे आमचं.

कासमला यातलं काही सांगितलं नाही.
“नवऱ्याने,” एवढंच.
तो ग्रीस पुसत म्हणाला,
“पावसाळ्यात उभी करताना ओढायचा नाय.
गियरात ठेवायची, चाकाला चिरा लावायचा.
चिऱ्याचं काय,
निघताना पायाने सरकवला की झालं.”
आणि साडेचारशे रुपये घेतले,
वायरचे वेगळे.

दापोलीत पोचेपर्यंत बाजार उठायला आलेला.
बांगड्याचे डोळे आत गेलेले.
निम्म्या भावात दिला,
उरला तो एका खाणावळवाल्याला, उधार.

रात्री फोन आला.
त्याच्या मागे एसीची घरघर, कोणीतरी मल्याळीत हसतंय.
“गाडी कशी आहे?”
चालते.
“रात्री हँडब्रेक ओढतेस ना?”
हो, म्हटलं.

मग टॉर्च घेऊन बाहेर गेले.
टेंपो पहिल्या गियरात,
मागच्या डाव्या चाकाला
विहिरीच्या कठड्याचा उरलेला अर्धा चिरा.
वाकले. चाकाला हात लावून बघितला.
थंड होतं.